बातूरच्या वाफेवरचं केळं

देवीसमोर हात जोडून उभं असताना मनात कुणाविषयी जळफळाट असेल, तर तो नमस्कार पोचतो का? कितीतरी वर्षं हा प्रश्न मी टाळत आले. महिन्यातल्या एका मंगळवारी मी डोंगरावरच्या जीवदानी देवीच्या पायऱ्या चढते आणि दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाही. हा नेम मी कधी मोडला नव्हता. पण वर पोचून देवीआईकडे जे काही मागायचे, त्यात कुठे ना कुठे नंदा असायचीच. तिच्यापेक्षा मला थोडं जास्त मिळावं, एवढंच खरं मागणं होतं.

नंदा माझी चुलतबहीण. वसईच्या खाडीकडच्या गावात एकाच घरात, एकाच पंक्तीला जेवून आम्ही वाढलो. वडील आणि काका भातशेती करायचे. घरात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी पदवीधर झाले तेव्हा काकांनी चिखलाच्या पायांनीच गावभर पेढे वाटले. त्या घराचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. नंदा मात्र गणितात दोनदा नापास झाली आणि लग्न होऊन समुद्रकाठच्या राजोडीला गेली. मी शिक्षिका झाले, भूगोल शिकवू लागले, मनवेलपाड्यात लहानसं घर झालं. तिथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं होतं, हे लिहिताना लाज वाटते. मग नंदाने किनाऱ्यावर येणाऱ्या लोकांसाठी घरगुती जेवण सुरू केलं. पुढे राहायच्या खोल्या बांधल्या, वर मजला चढवला, दारात गाडी आली. काकू मला फोनवर सगळं कौतुकाने सांगायची. ‘छान झालं’ म्हणून मी फोन ठेवायचे आणि त्या दिवशी आमटीत हमखास मीठ जास्त पडायचं.

दिवाळीच्या सुट्टीत ती क्रूझवर निघाली, सिंगापूरहून बालीपर्यंत. नवऱ्याला बोट लागते, तेव्हा त्याच्या जागी तू चल, असं तिने मला सांगितलं. दुसऱ्याच्या उरलेल्या जागेवर आपण चाललो आहोत, ही बोच घेऊनच मी बोटीत पाय ठेवला. तिथे जेवणाच्या टेबलावर ती मोडक्यातोडक्या हिंदीत सगळ्यांशी बोलायची. वाढणारे तिला नावाने हाक मारू लागले. मी इंग्रजीत वाक्य जुळवत बसायचे, तोवर तिने सगळ्यांना हसवलेलं असायचं. एकदा म्हणाली, “आमची ताई मास्तरीन आहे. सांभाळून बोला, नायतर बाकावर उभं करील.” सगळे हसले, मीही हसले आणि ताट अर्धं टाकून उठले.

बालीला बोट दिवसभर थांबणार होती. बहुतेकांनी बाजार किंवा समुद्रकिनारा निवडला. नंदाने मला न विचारता आमची दोघींची नावं बातूरसाठी दिली होती. बातूर हा जागृत ज्वालामुखी. वीस वर्षं मी फळ्यावर लाल खडूने ज्वालामुखीचा उभा छेद काढत आले, खाली शिलारस, मधली नळी, वर मुख. आणि खरा ज्वालामुखी मला दाखवणार कोण, तर नंदा. तो दिवस मंगळवार होता. मी मनात ठरवलं, मुख दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. तिच्याकडे बोट आहे, तर माझ्याकडे नेम आहे. सकाळी सगळे नाश्ता करत असताना मी त्यांच्यासमोर रिकामी बशी घेऊन बसले. त्याला मी भक्ती म्हणत होते.

डोंगर काळ्या खड्यांचा होता. पाय टाकला की खडे मागे सरकायचे. वाटाड्याने बजावलं होतं की कुणीही एकटं पुढे जायचं नाही. पण नंदा मागे धापा टाकत होती आणि माझे पाय पायऱ्यांना सरावलेले. निदान ते मुख तरी तिच्याआधी मी पाहीन, या एकाच विचाराने मी पुढे निघाले. वळण घेतलं, आणखी एक घेतलं. धुकं कधी उतरलं ते कळलं नाही. गंधकाचा वास डोक्यात भिनला, तोंड सुकून खरखरीत झालं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तशीच मी चालत राहिले. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

साठीची एक बाई होती. कमरेला पट्टा बांधलेला, डोक्यावर टॉवेलची चुंबळ, शेजारी शीतपेयांच्या बाटल्यांची पेटी. तिने मला ओढून एका दगडावर बसवलं. थोड्या वेळाने धुकं हललं तेव्हा मी पाहिलं. मी निघाले होते तिकडे वाट नव्हतीच. काळ्या खड्यांचा उतार सरळ खाली गेला होता. ती नेमकी तिथे कशी आली, हे मला विचारता आलं नाही, आमच्यात भाषाच नव्हती. ती रोज तिथे बाटल्या विकायला येत असेल. मी एवढंच सांगू शकते की ती होती.

जवळच्या फटीतून वाफ येत होती. फटीपाशी तिने झावळीच्या पानाची लहानशी परडी ठेवली, त्यात फुलं आणि तांदूळ, वर उदबत्ती, आणि हात जोडले. तो नमस्कार मला अनोळखी वाटला नाही. मग त्याच वाफेतून तिने एक उकडलेलं अंडं काढलं. मी हात जोडले. ती हसली आणि तिने अंड्याऐवजी केळं काढलं, वाफेने साल काळी पडलेलं. केळं उपवासाला चालतं, पण दर्शनाआधी मला काहीच चालत नव्हतं. मी मान हलवली. तिने केळं सोललं आणि तापातल्या मुलाला भरवावं तसं माझ्या तोंडाशी धरलं. मी खाल्लं. आमच्या वसईच्या उन्हात वाळवलेल्या सुकेळीसारखं गोड होतं, फक्त गरम. नेम मोडला आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात धुक्यातून नंदा आली. गुडघे खरचटलेले, केस सुटलेले.

“मेलीस का ग कुठे, ताई? हाका मारून घसा सुकला माझा. पानी पी आधी.”

मी पाणी प्यायले. तू माझ्यामागे कशाला आलीस, असं विचारलं.

“मला काय करायचाय तो डोंगर? मला बाजारात जायचं होतं. तू पोरांना शिकवतेस, तर तुला एकदा खरा दाखवावा म्हनून नाव घातलं. तर तूच पळतेस.”

मला खोटं बोलवेना. “मला तुझ्याआधी पोचायचं होतं, नंदा.”

ती सुटलेले केस बांधू लागली. “मग सांगायचंस ना. मी बसले असते खाली.”

एवढंच बोलली आणि माझ्या बुटांतले खडे झाडू लागली.

वाटाड्या शोधत आला. खूप रागावला, आणि ते योग्यच होतं. बाकीचे मुख पाहून उतरू लागले होते, परतायला थोडाच वेळ उरला होता. ज्याच्या पायात बळ आहे त्याला तो पटकन वर नेऊन आणणार होता. माझ्या पायांत ते उरलं नव्हतं. नंदा म्हणाली, राहू दे, दोघीही नको. मी म्हणाले, “तू जा. बघून ये.” हे चार शब्द उच्चारायला मला त्या चढापेक्षा जास्त श्रम पडले. ती गेली. ती बाई माझा हात धरून बसून राहिली, आणि मी त्या फटीतल्या वाफेकडे पाहत आईला हाक मारली. मागायला काहीच सुचलं नाही.

नंदा परत आली ती उकिडवी बसून सांगू लागली. “आत आग नाय ग. मोठा खड्डा, कडेला पिवळं पिवळं. आनि वाफ कशी, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते ना, तशी. असं वाटतं आता होईल, आता होईल.” वीस वर्षांत मला मुलांना इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. मी काही सुधारलं नाही. ती सांगत होती आणि मी ऐकत होते.

मत्सर माझ्या मनातून कायमचा गेला, असं मी म्हणणार नाही. नंदाची नवी बातमी आली की अजूनही आमटीत मीठ जास्त पडतं. पण आता मी मनातलं लपवत नाही. मंगळवारी वर जाऊन आईपुढे जसंच्या तसं ठेवते आणि पायरीवर थोडा वेळ बसते. काय द्यायचं आणि काय नाही, ते तिच्यावर सोडते. बातूरचं मुख मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी आईने मला तिथवर नेलं नाही, यासाठी मी तिची ऋणी आहे.