लिफ्टच्या आधी वर पोचणारे मामा

लिफ्टमामांची आणि माझी ओळख आमच्या प्रौढ साक्षरता वर्गामुळे झाली. हा वर्ग कचेऱ्यांच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर भरतो. ज्या विद्यार्थ्यांचे गुडघे साठी उलटून गेले आहेत, त्यांचा वर्ग चौथ्या मजल्यावर भरवण्याचे कोणाला सुचले, हे मला अद्याप कळलेले नाही. त्यामुळे आम्हाला लिफ्ट लागे, आणि लिफ्ट म्हटली की ती चालवणारे मामा आलेच.

मामांनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्यांच्या पोटाने कमरेचा पट्टा ओलांडला होता. यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. कोणाला बढती मिळाली, कोणाकडे बाळ जन्मले, कोणाचे लग्न ठरले, की मिठाईचा डबा लिफ्टनेच वर जाई आणि जाता जाता मामांच्या हातावर काहीतरी ठेवून जाई. इमारतीत सहा मजले होते. आनंदाला तोटा नव्हता.

लिफ्टमध्ये सहा माणसांची मर्यादा आहे, असे आतल्या पाटीवर लिहिले आहे. मी कोणाच्या मदतीशिवाय वाचलेले ते पहिले वाक्य होय. परंतु मामा आत असले की पाचव्या माणसाने पाय ठेवताच जादा वजनाची घंटी वाजे. मग सगळे मामांकडे पाहत आणि मामा छताकडे.

"मामा, तुम्ही उतरा, आम्ही जातो," एखादा कारकून म्हणे.

"मी उतरलो तर तुम्हाला नेणार कोण?" मामा म्हणत. "आणि घंटी माझ्यामुळे नाही वाजली. या ताईंची पिशवी बघा केवढी आहे!"

अखेरीस इमारतीच्या व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून घेतले. "मामा, लिफ्ट लोकांसाठी आहे, तुम्हाला फिरवायला नाही. तीन महिने देतो. घंटी थांबवा, नाहीतर मला दुसरा बारीक माणूस बघावा लागेल."

"घंटीच काढून टाकली तर?" मामांनी विचारले.

व्यवस्थापकांनी केवळ दाराकडे बोट दाखवले.

मामांच्या घरी दोन मुली शिकत होत्या. नोकरी जाऊन चालणार नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की साखर वाढली आहे, रक्तदाबही वाढला आहे. मामी म्हणाल्या, "मी वीस वर्षं ओरडतेय तेव्हा ऐकू आलं नाही. आता यंत्र ओरडलं, तेव्हा कान उघडले!" त्यांनी ताटातले निम्मे काढून घेतले. मामांनी मिठाईला हात जोडले. तरीही घंटी वाजतच राहिली.

तेव्हा मामांनी एक युक्ती काढली. सकाळच्या गर्दीत ते सहा कारकुनांना आत घालत, बाहेरूनच हात घालून बटण दाबत, दार लावत आणि स्वतः जिन्याने निघत. वरचे दार उघडून देणे हे आपले कर्तव्य आहे, असे ते मानत. पहिल्या दिवशी ते दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसले आणि कारकुनांनी आपले आपण दार उघडले. "आलो, आलो!" असा त्यांचा आवाज मात्र जिन्यातून बराच वेळ येत होता.

हळूहळू मामा पोचू लागले. नंतर लिफ्टबरोबर पोचू लागले. आणि पुढे तर दार उघडावे तो मामा भिंतीला टेकून उभे, धाप दाबून विचारत, "काय हो, एवढा उशीर?" कचेरीत रोज चर्चा होई, आज मामा आधी की लिफ्ट. त्यांच्या विजारीला आता दोरी लागत होती. डॉक्टरांनी साखर उतरल्याचे सांगितले. मामींची मात्र निराळीच तक्रार होती. "यांचं घोरणं बंद झालं आणि माझी झोप उडाली. श्वास चालू आहे की नाही, ते उठून बघावं लागतं!"

मुदत संपली त्या दिवशी मामा पाच जणांसह लिफ्टमध्ये उभे राहिले. घंटी वाजली नाही. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापकांनी मात्र वाजवल्या नाहीत. ते विचारात पडले होते.

"मामा, तीन महिने सकाळची लिफ्ट तुमच्याशिवायच चालली की! मग माणूस हवाच कशाला? पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

त्या संध्याकाळी मामा आम्हाला वर सोडताना म्हणाले, "आजी, पोट होतं तोवर नोकरी होती बघा."

आमच्या वर्गात एक निवृत्त पहारेकरी आहेत. त्यांना आम्ही फौजदार म्हणतो. त्यांनी त्याच दिवशी बेत ठरवला.

पहिल्या तारखेला मामा नव्हते. व्यवस्थापक स्वतः आम्हाला समजावू लागले. "आजोबा, सोपं आहे. चारचा आकडा असलेलं बटण दाबायचं."

"साहेब, आम्ही अजून अक्षरांवर आहोत," फौजदार गंभीरपणे म्हणाले. "आकडे पुढच्या महिन्यात."

वास्तविक आकडे आम्हा सर्वांना आधीपासून येत होते. जन्मभर बाजारहाट केलेल्या बाईला आकडे शिकवावे लागत नाहीत. परंतु माझ्या शेजारणीने सगळी बटणे दाबली. "एखादं तरी बरोबर निघेलच की!" लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली. उतरताना मी तळघर दाबले. तेथे पाण्याचा पंप आहे, हे मला त्या दिवशी कळले. शिक्षण असे कोठेही होऊ शकते.

आमच्या शिक्षिका कुजबुजल्या, "अहो आजी, तुम्हाला तर शंभरपर्यंत येतात!"

"बाई, तुम्ही फळा पुसायला घ्या," फौजदार म्हणाले.

आठवडाभर असेच चालले. डॉक्टरांचे रुग्ण खाली ताटकळले, कारकुनांची घरी जाण्याची वेळ टळली. शेवटी व्यवस्थापक आमच्याबरोबर दोनदा तळघरात जाऊन आले आणि तेथूनच त्यांनी मामांना फोन केला.

आता सकाळी कारकून लिफ्टने जातात आणि मामा जिन्याने. संध्याकाळी मामा आमच्यासोबत आत असतात आणि बटणांना कोणालाही हात लावू देत नाहीत. मामा परतले त्या दिवशी व्यवस्थापकांनी झाले गेले विसरून लिफ्टमध्ये त्यांच्यासाठी एक नवी, गादीची, हातांची खुर्ची ठेवली होती. मामांनी तिच्याकडे पाहत विजारीची दोरी घट्ट केली. मग त्यांनी हात जोडले.

"साहेब, परत घेतलंत, उपकार झाले. फक्त एवढी खुर्ची घेऊन जा."