ऑर्व्हलची जीभ

ऑर्व्हल ट्वेट एका जागी स्वस्थ बसलाय, असं कुणी पाहिलं नव्हतं. अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावरचं, नॉर्वेजियन शेतकऱ्यांच्या पोरांसाठी काढलेलं ते इवलंसं कॉलेज. तिथं फुटबॉलचा कोच हाच आणि बास्केटबॉलचाही हाच. नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला फुटबॉल संपायचा, आणि तोवर चिखलात लोळलेली तीच पोरं सोमवारी व्यायामशाळेत बास्केटबॉलला हजर.

"कोच, सगळं अंग ठणकतंय हो!"

"ठणकू दे. अंग आहे, एवढं तरी कळलं ना!"

अकरा वर्षांत हे पाचवं कॉलेज. गाशा गुंडाळायचं कारण दर वेळी एकच, तोंड. त्या काळी नियमच होता, सामना सुरू झाला की कोचनं बाकावर मुकाट बसायचं. मध्यंतराखेरीज पोरांना एक शब्द सांगायचा नाही. सांगितला की संघाला दंड. आणि याला तर चेंडू दिसला की जीभ आवरायचीच नाही. बायको बोर्गहिल्ड म्हणायची, "तू चर्चमध्ये पाद्रीबाबालासुद्धा सूचना देशील!"

यंदा दोनदा दंड झाला होता. तिसऱ्यांदा तोंड उघडलंत तर नारळ, असं प्राचार्य होल्टेंनी बजावलं होतं. बोर्गहिल्डनं सकाळीच सांगून टाकलं, "सहावं गाव मी बघणार नाही. जायचं तर तू एकटा जा." ती चेष्टा करत नव्हती.

दुपारी मोसमातला शेवटचा बास्केटबॉल सामना. एका गुणानं मागे, काही सेकंद उरलेले, आणि चेंडू आर्नेच्या हातात. आर्ने म्हणजे फुटबॉलमध्ये धडका देणारा नुसता रेडा. लांबून नेम साधणं त्याला बापजन्मी जमलं नव्हतं. तिकडे जाळीखाली टोर्वाल्ड हात वर करून एकटाच उभा. आणि हा गधडा लांबूनच नेम धरतोय!

'अरे, टोर्वाल्डला दे!' शब्द पार ओठांवर आले. ऑर्व्हलनं डोक्यावरची टोपी काढून तोंडात कोंबली. मागच्या रांगेत बोर्गहिल्ड जीव मुठीत धरून त्याच्या पाठीकडे बघत होती, सामन्याकडे नाही. ऑर्व्हलला दरदरून घाम फुटला, पण आवाज फुटला नाही.

आर्नेनं चेंडू फेकला. तो कड्यावर दोनदा उडाला आणि आत पडला.

व्यायामशाळा डोक्यावर घेतली लोकांनी! होल्टे पाठ थोपटत म्हणाले, "पाहिलंत? गप्प बसलं की कसं जमतं ते!"

घरी परतताना बर्फातून चालत दोघं अर्ध्या वाटेवर आली तरी ऑर्व्हल अवाक्षर बोलेना. शेवटी बोर्गहिल्डच म्हणाली, "अरे, नोकरी राहिली, जिंकलात, आता काय झालं? टोपी खाऊन पोट भरलं वाटतं!"

"मी त्याला 'नको टाकू, टोर्वाल्डला दे' म्हणून ओरडणार होतो," ऑर्व्हल म्हणाला. "अकरा वर्षांत असं किती पोरांवर ओरडलो असेन गं मी? त्यातले किती चेंडू आत गेले असते?"

तिला खरं तर हसायचं होतं. पण त्याचा चेहरा पाहून तिनं नुसता त्याचा हात धरला.