मुक्कामी

वहिनी गेल्यावर शेजाऱ्यांनी धाकट्या दिराला म्हटलं, तुम्ही दोन शब्द बोला. तो उठला खरा, पण बोलणार काय? इतकी वर्षं तिच्या हातचं जेवला, पण तिला गाणं कुठलं आवडायचं, एकटी असताना ती कसला विचार करायची, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो फक्त तिचा रविवार.

ती शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. रविवारी दुपारी सगळी आवराआवर झाली की डबे आणि टोपल्या उघडून घरात काय आहे ते बघायची. मग खिडकीशी बसून डोळे मिटायची आणि येणाऱ्या आठवड्यातून फिरून यायची. सोमवारच्या दारात जरा थांबायची, मंगळवारच्या पातेल्यावरचं झाकण उचलायची. तोंडावर ऊन यायचं, ओठ हलायचे. "टोमॅटो मऊ पडलेत, ते उद्याच. बटाट्यांना घाई नाही, बसू देत शुक्रवारपर्यंत." परत आली की नसेल तेवढंच आणायला बाजारात जायची. तेही पोटभर जेवून, कारण भुकेल्या माणसाला सगळंच हवंसं वाटतं, असं तिचं म्हणणं. महिना संपत आला की सगळ्या गल्लीचे रस्से पातळ व्हायचे, तिचा मात्र पहिल्या तारखेइतकाच दाट.

त्या घरात उरलेल्या अन्नाला कुणी शिळं म्हणत नसे. रात्री पातेल्यात राहील त्याचं नाव मुक्कामी. सकाळी तोच मुक्कामी वेगळं रूप घेऊन ताटात यायचा. पण हे दिराला कुठून कळणार? तेव्हा तो नुकताच आला होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचं त्याचं काम छापील पाट्यांनी खाल्लं, पाठोपाठ खोली सुटली, आणि तो ट्रंक घेऊन थोरल्या भावाच्या दारात उभा राहिला. इथे आपण कितीसे खपणार, एवढीच धाकधूक.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं.

"अहो, या मुक्कामीचा आज निकाल लावू या."

"राहू दे गं अजून एक दिवस," दादा म्हणाला. "कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"तुमचं काय जातंय? जागा माझी अडते. उद्या वास मारायला लागेल."

दिराने नकळत कॉलर हुंगली. टर्पेंटाइनचा वास येत होता खरा. त्याने मुकाट्याने ट्रंक भरली आणि निरोप घ्यायला दारात आला. वहिनीच्या हातात पातेलं होतं.

"ट्रंक घेऊन कुठे निघालात, भावोजी?"

"जातो. तुमची जागा अडते ना."

आधी दादाच्या डोक्यात प्रकाश पडला. हसता हसता त्याला ठसकाच लागला. वहिनी हसली नाही. तिने झाकण काढून पातेलं दिराच्या नाकाशी धरलं.

"हा बघा मुक्कामी. कोबी आहे, परवाचा. तुम्हाला काही सांगायचं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. हात धुऊन या."

तो राहिला. पुढे एका छापखान्यात शाई कालवायचं काम मिळालं, मागच्या गल्लीत खोली मिळाली, तरी रात्रीचं जेवण वहिनीकडेच. आपल्याला आग्रहाने वाढतात की नाइलाजाने, हे कोडं मात्र त्याला सुटलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. रविवारी ती डोळे मिटून बसली की तो उंबऱ्याशी गप्प बसून राही. ती कुठल्या वाटांनी जाते, तिथे कोण कोण जेवायला बसलेलं असतं, हे बाहेरून काय दिसणार?

शेवटचं बोलणं झालं ते एका मंगळवारी. जेवून उठल्यावर, चपला घालता घालता तो म्हणाला, "वहिनी, उद्या मी नाही जेवायला. छापखान्यात एकाचा निरोपसमारंभ आहे."

तिने क्षणभर डोळे मिटले, कपाळाला आठी घातली.

"रविवारी नाही का सांगायचं? तुमच्या वाटणीचं मुक्कामी राहील, आता माझा गुरुवारही हलणार."

"हलला तर हलू दे."

"तुमचं बरंय. जा आता, आणि दार ओढून घ्या."