सासूबाईंचं लुगडं आणि काचेवरचे थेंब

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी बावीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. पुढे ते कळणं कमी कमी होत गेलं; आता अगदी थोडंच उरलंय.

आम्ही दोघी बहिणी भडगावजवळच्या एकाच घरात दिलेल्या, दोन सख्ख्या भावांना. धाकटी माझी बहीणही होती आणि जाऊही. घरात आमचा दोघींचा एक पक्ष, सासूबाईंचा दुसरा. वरण पातळ असावं की घट्ट, यावरूनसुद्धा तट पडत.

धाकटीचं बाळंतपण अवघड गेलं. मुलगी झाली, चांगली धडधाकट, पण आईचं रक्त जाणं थांबेना. मोटारीने जळगावच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि बाहेर येऊन सांगितलं की, गेलेलं भरून काढलं पाहिजे. जुळणारं रक्त मिळालं तर ती सावरेल, नाहीतर संध्याकाळ काढील असं सांगता येत नाही.

मी लगेच पुढे सरसावले. सख्खी बहीण असताना शोध कसला घ्यायचा? डॉक्टरांनी माझ्या बोटाला सुई टोचली, थेंब घेतला, तिच्या रक्तात मिसळून काचेवर हलवला. नासलेल्या दुधासारख्या त्यात कण्या झाल्या. दिराच्या थेंबाचंही तेच झालं. माझ्या नवऱ्याचंही तेच. आणखी कोणी आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मी म्हटलं, कोणी नाही. सासूबाई पलीकडे ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पण सख्ख्या बहिणीचं जुळत नाही तर परघरच्या बाईचं काय जुळणार, हा माझा हिशोब.

खरं कारण मला ठाऊक होतं. सकाळी मी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाल्ला होता. त्याने रक्त उष्ण झालेलं, फाटणारच. मी समोरच्या धर्मशाळेत गेले, खडीसाखर घालून तांब्याभर दूध प्यायले आणि डॉक्टरांनी ओळखू नये म्हणून तिथे ठेवलेल्या आमच्या गाठोड्यातलं सासूबाईंचं हिरवं लुगडं नेसले. पदर हनुवटीपर्यंत ओढून परत डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. धाकटी आत गार पडत चालली होती आणि मी बाहेर सोंग आणत होते.

टोचलेलं बोट लपवून मी दुसरा हात पुढे केला. एवढी अक्कल मात्र शाबूत होती. काचेवर पुन्हा कण्या. डॉक्टरांनी काच ठेवली आणि पहिला हात दाखवा म्हणाले. दाखवला.

"बाई, लुगडं बदललंत. रक्त तेच आहे."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "हाई लुगडं तं मनं शे."

आपलं लुगडं ओळखून सासूबाई नातीला घेऊन उभ्या होत्या. तुम्ही कोण, असं डॉक्टरांनी विचारलं. सासू, म्हणाल्या. मग मुलगी माझ्या हातात दिली आणि बोट पुढे केलं. त्यांचा थेंब काचेवर एकसारखा पसरला, कुंकू पाण्यात कालवावं तसा.

"लागनं तं बठ्ठं ल्या," सगळं रक्त काढून घेतलं तरी चालेल अशा थाटात त्या म्हणाल्या आणि दंड उघडा करून बाकावर आडव्या झाल्या.

बाटली भरत असताना डॉक्टर मला, चुकलेल्या पोरीला सांगावं तसं, सांगत होते. पूर्वी त्यांच्या धंद्यातले लोकही अंधारातच रक्त द्यायचे; कोणी वाचायचं, कोणी दगावायचं. मग विलायतेतला कोणी चिकाटीचा माणूस अनेकांचे थेंब एकमेकांत मिसळून बघत बसला. रक्ताचे चार गट असतात आणि ते सख्ख्या भावंडांतही वेगळे असू शकतात, हे त्यातून कळलं. पुढे कोणी बाटलीत घालायचं औषध शोधलं. त्याने रक्त गोठत नाही. आता मुंबईला थंड पेटीत रक्ताच्या बाटल्या ठेवतात. ते इकडेही येईल, म्हणाले.

"म्हणजे ठेच्याचा दोष नाही?" मी विचारलं.

"ठेचा खुशाल खा," डॉक्टर म्हणाले. "तुमचं रक्त चांगलं आहे. दुसऱ्या कुणाला चालेल." आणि त्यांनी माझा गट आणि पत्ता वहीत लिहून घेतला.

दिवे लागायच्या आधी धाकटीच्या ओठांवर रंग दिसू लागला. डोळे उघडून ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"अक्का, हाई लुगडं तं सासूनं शे ना?"

मी रडले. सासूबाई बाजूच्या खाटेवर चहा पीत होत्या. त्यांना हसू आवरेना.

दुसऱ्या वर्षी डॉक्टरांचं पोस्टकार्ड आलं. सोमवारी एका बाईचं ऑपरेशन होतं, तिला माझा गट हवा होता. जावं की नको, हे घरात कोणी बोलायच्या आत सासूबाईंनी पेटी उघडली आणि ते हिरवं लुगडं माझ्यापुढे टाकलं.

"हाई नेस. याले दवाखानानी वाट माहीत शे."