धाकट्या जावेचं ऑलिम्पिक

माझी धाकटी जाऊ पॅरिसला ऑलिम्पिक बघायला गेली आणि मी लालबागला तिच्या तुळशीला पाणी घालत राहिले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं मी किती जळले त्याचंच आहे.

‘जावा-जावा, उभा दावा’ असं म्हणतात. आमच्यात तसा दावा कधी नव्हता. चाळीत एकाच गॅलरीला लागून दोन भावांच्या दोन खोल्या, स्वयंपाक एकत्र, सासूबाई दुपारी आमच्याकडे आणि संध्याकाळी तिच्याकडे. ती माझ्याहून बरीच लहान. विम्याची एजंट आहे आणि जिभेवर साखर. लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर जाईपर्यंत ती एखाद्याला त्याच्या मरणाची काळजी करायला लावते आणि वर हसत ठेवते. मी परळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. माझ्या जिभेवर काय आहे ते माझे विद्यार्थी सांगतील.

ऑलिम्पिक हा माझा विषय. पुस्तकात ग्रीस दोन परिच्छेदांत उरकतो, मी त्याला आठवडा लावते. ऑलिंपियाला स्टेडियमच्या आधी देऊळ होतं, खेळ हा देवाचा उत्सव होता, आपली जत्रा असते तसा. खेळाडूंना आणि यात्रेकरूंना सुखरूप जाता-येता यावं म्हणून तेवढ्यापुरता तह व्हायचा. पहिला आला त्याला रानटी ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट, आणि दुसऱ्याला काहीही नाही. रौप्य नाही, कांस्य नाही, पाठीवर थाप नाही. मशालीची दौड प्राचीन आहे असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ती अलीकडची आहे, हे मी आजवर चाळीतल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी सुनावलं आहे. पंधरा ऑगस्टला चाळीच्या मैदानात मुलांच्या शर्यती होतात, त्यांना ‘चाळीचं ऑलिम्पिक’ हे नाव मीच दिलं. सुरुवातीला ग्रीसची गोष्ट मी सांगते आणि पहिल्या येणाऱ्या मुलांना तारेवर कढीपत्ता गुंडाळून मुकुट मी करते. ऑलिव्हची पानं भायखळ्याच्या मंडईत मिळत नाहीत. मुलांच्या केसांना दोन दिवस फोडणीचा वास येतो, पण मुकुट दिसतो झकास.

एवढं प्रेम माझं. आणि तिकीट कोणाला? तर हिला.

झालं असं की तिच्या कंपनीने टार्गेट पूर्ण करणाऱ्यांना पॅरिसची सहल दिली आणि त्यात एक दिवस ऑलिम्पिक ठेवलं. ती घरात आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. चपला काढता काढता ती म्हणाली, “वहिनी, ऑलिम्पिक म्हणजे ते पाच रिंगवालंच ना? मला नेतायत.”

माझं लाटणं थांबलं. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण मला त्याक्षणी आठवली आणि ती ओठांवर येऊ नये म्हणून मी पोळी तव्यावर टाकली. तोंडाने म्हणाले, “अगं, वा! नशीबवान आहेस.” आवाज इतका गोड निघाला की माझा मलाच संशय आला.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तिने पॉलिसी विकल्या, तिला मिळालं. तू ग्रीस विकायला काढ.” आमच्या घराण्यात विनोद असे वेळ बघून होतात.

निघायच्या आधीचे दिवस फार वाईट गेले. ती मला रोज काहीतरी विचारायची. तिकडे चप्पल चालते का, ऊन असतं का, थेपले नेऊ की चकल्या. खेळांबद्दल एक अक्षर नाही. मी स्वतःहून सांगायला लागले की ती “हो का?” म्हणायची आणि मोबाइलवर कोणाला तरी हप्त्याची आठवण करून द्यायची. रात्री अंथरुणावर मी मनातल्या मनात तिचं विमान चुकवायची. नुसतं चुकवायची, पाडायची नाही; तेवढी मी सभ्य आहे.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. मालवणहून लग्न होऊन आल्या त्याला जन्म लोटला, पण बोलणं तिथलंच. गॅलरीत कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, “पोटात दुखता तर ओवो खा गो.”

“कोणाच्या पोटात?” मी विचारलं.

“माज्या नाय,” त्या म्हणाल्या आणि जुडी उलटी केली.

मी मनाशी ग्रीसचाच आधार घ्यायचे. तिथे लग्न झालेल्या बाईला खेळ बघायला बंदीच होती. सापडली तर कड्यावरून ढकलून द्यायचे. एकच बाई अपवाद, धान्याच्या देवीची पुजारीण. तिला बसायला संगमरवरी आसन. म्हणजे नियमाने आम्ही दोघीही घरी, पोळ्या लाटत. पण हल्ली पुजारणीचा मान विमा कंपनी देते आणि कडा माझ्या वाट्याला येतो.

ती गेली. तिच्या स्टेटसवर मनोरा आला, मग नदी, मग मनोरा आणि नदी. मी प्रत्येक फोटोला अंगठा दिला.

मग श्रावणातला पहिला सोमवार आला. शाळा अर्ध्या दिवसाची होती, मला उपास होता. घरी येऊन खिचडीचा पहिला घास घेतला आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर आधी तिचं नाक आलं, मग टोपी, मग एकदम जांभळा ट्रॅक. इतका मोठा, इतका स्वच्छ जांभळा. टीव्हीवर रोज बघत होते तरी मी फोन डोळ्यांजवळ नेला.

“वहिनी, मी आत आहे!” ती ओरडत होती. “पण इथे एकाच वेळी सगळीकडे काय काय चाललंय. मला काही टोटल लागत नाहीये. बघू कुठे?”

मी ताटली बाजूला सरकवली. “डावीकडे वळव. हळू. ती जाळी दिसते ना, पिंजऱ्यासारखी? तिथे थांब.”

“हां. एक आडदांड माणूस उभा आहे. हातात काय आहे?”

“थाळी. थाळीफेक चालली आहे.”

“थाळी? जेवायची?”

“नाही गं बाई! तो फार जुना खेळ आहे. हीच थाळी ग्रीक लोक फेकायचे. आधी दगडाची, मग धातूची. फेकणारा आता गिरकी घेईल, त्याच्या पायांकडे बघ, हाताकडे नको. बघ, बघ, बघ…”

तो फिरला. थाळी सुटली. फोनच्या त्या एवढ्याशा चौकोनात ती मला दिसली नाही, पण हजारो माणसांचा आवाज वर चढत गेला आणि मला कळलं की ती अजून हवेत आहे. उपाशी पोटी, लालबागच्या खोलीत, वर पंखा कुरकुरत होता आणि मी उभी राहिले होते.

“आणि वहिनी, ते लोक नागडे खेळायचे म्हणता तुम्ही, ते खरं?”

“अगदी खरं. अंगाला तेल चोळून.”

तिने हे शेजारच्यांना हिंदीत सांगितलं. तिच्या कंपनीचे लोक फोनभोवती जमले. कोणी विचारलं, फिर लेडीज लोग कैसे देखती थीं? मी सांगितलं, नव्हत्याच बघत. एक आई मुलाचा खेळ बघायला पुरुषाच्या वेषात, त्याचा गुरू म्हणून आत शिरली आणि तो जिंकल्यावर आनंदाने उडी मारताना पकडली गेली, ती गोष्ट सांगितली. तिच्या घराण्यातले सगळे विजेते म्हणून तिला सोडलं. पण त्यानंतर गुरूंनीही उघड्या अंगानेच आत यायचं, असा नियम निघाला. फोनमधून हशा आला. एक गुजराती बाई म्हणाली, दीदी को तो इधर होना चाहिए था. माझं मन असं भरून आलं! पुढचा फेकणारा जाळीत येत होता, त्याच्याबद्दल मी सांगायला तोंड उघडलं.

“वहिनी, एक मिनिट हं, ग्रुप फोटोला बोलावतायत,” जाऊ म्हणाली, आणि फोन बंद झाला.

खिचडीचा गोळा झाला होता. मी तो तसाच खाल्ला. त्या दिवशी मला पहिल्यांदा नुसता हेवा नाही, राग आला. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना. इथे तर दात माझे वापरून चणे ती खात होती.

ती परत आली, चॉकलेटं वाटून झाली, आणि आठवड्याच्या आत पंधरा ऑगस्ट. मंडळाच्या फळ्यावर खडूने ठळक लिहिलं होतं: प्रमुख पाहुण्या, खास पॅरिसहून ऑलिम्पिक पाहून आलेल्या… आणि पुढे तिचं नाव. ग्रीसची गोष्टही तीच सांगणार होती. मंडळाचा सेक्रेटरी मला म्हणाला, “मोठी काकी, तुमची गोष्ट तर दर वर्षी असतेच. या वर्षी जरा लाइव्ह होऊ दे. तुम्ही तो मुकुट तेवढा बघा, तिचाच सत्कार करू.”

मी ठणकावून सांगितलं, “मुकुट मी करणार नाही. दादरला फुलवाल्याला सांगा.”

त्याने सांगितलं. काय सांगितलं ते नंतर कळलं: डोक्याला बांधायचं, कपाळावर आलं पाहिजे, बाईमाणसासाठी आहे, घरचं कार्य आहे. फुलवाल्याने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. स्टेजवर पुडी उघडली तर आतून मोगऱ्याच्या मुंडावळ्या निघाल्या.

सगळं मैदान हसून फुटलं. मागून कोणीतरी “शुभमंगल सावधान” सुरू केलं, पोरांनी हातातल्या चुरमुऱ्यांच्या अक्षता उडवल्या, आणि माझ्या धाकट्या दिराला ढकलत स्टेजवर चढवलं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. आता हिची चांगलीच फजिती होणार, ऑलिम्पिकचा सगळा रुबाब उतरणार! पण तिने काय केलं? वाकून मुंडावळ्या बांधून घेतल्या, नवऱ्याकडे बघून लाजल्यासारखं केलं, आणि मैदान खिशात टाकलं. मुंडावळ्या बांधलेली बाई माइकसमोर उभी राहिली आणि तीनशे माणसं गप्प झाली. माझ्यासाठी ही माणसं कधी अशी गप्प झाली नव्हती.

ती बोलायला लागली आणि मी खुर्चीची कड धरली. माझी गोष्ट होती. देवाची जत्रा, तह, तेल, कडा, पुरुषाच्या वेषातली आई. वाक्यं माझी. “आणि दुसऱ्याला?” म्हणून मी थांबते आणि मुलांकडे बोट करते, तसंच तिने थांबून बोट केलं. मुलं ओरडली, “काऽऽही नाही!” कधी ऐकलं हिने? “हो का?” म्हणत हप्त्याचे मेसेज पाठवत होती तेव्हा? इतकंच काय, शेवटी ती म्हणाली की ग्रीसमध्ये सगळ्यात मागे राहणाऱ्याला लाडू द्यायचे. असं काही नव्हतं. एका वर्षी शेवटचा आलेला मुलगा फार रडायला लागला म्हणून ते मी बनवून सांगितलं होतं. माझी लोणकढी थापसुद्धा तिने पॅरिसच्या शिक्क्यासकट खपवली.

टाळ्या थांबेनात. मी मनात ठरवत होते की घरी गेल्यावर काय काय बोलायचं. वाक्यं तयार होत होती, चांगली धारदार.

तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाला, “वहिनी, हे सगळं तिकडे दाखवतात का?”

“छे हो! तिकडे कोण काय सांगतंय?” ती माइकमध्ये म्हणाली. “मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. हे सगळं आमच्या मोठ्या वहिनींचं आहे. ओट्याशी उभी राहून कानावर पडलंय इतकी वर्षं. तिकडे पण फोन लावून त्यांनाच विचारलं. आम्ही सगळे त्यांच्यामुळे बघू शकलो.” आणि तिने माझ्याकडे हात केला. तीनशे डोकी वळली. टाळ्या माझ्याकडे आल्या. कोणीतरी “मोठ्या काकी उठा, उठा” म्हणालं. मी उठले, हात जोडले, हसले.

म्हणजे आता घरी जाऊन भांडायचीही सोय नाही. जे माझं होतं ते तिने सगळ्यांसमोर मला देऊन टाकलं होतं. ते तिच्याकडून घ्यावं लागलं, हेच मला बोचत होतं. तिच्या मनात काडीचंही कपट नव्हतं, आणि असतं तर मला किती बरं वाटलं असतं.

शर्यती सुरू झाल्या. लिंबू-चमच्याच्या रेषेपाशी ती मुलांना ओळीत उभी करत होती, मुंडावळ्या अजून कपाळावर. मी खाली बसले. शेजारी सासूबाई होत्या. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “आता तरी निवलंस काय गो?”

“नाही,” मी म्हणाले.

“अगो, तिना तुजा नाव घेतल्यान. आणखी काय होया तुका?”

“आई, माहीत सगळं मलाच आहे,” मी म्हणाले. “पण बघून ती आली.”

त्यांनी हात काढला नाही, एवढंच.