बहात्तर वह्या

नगरपालिकेच्या शाळेवरून जाताना खिडकीतून एक बाई दिसल्या. टेबलावर वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. पान उलटायचं, बरोबरची खूण, सही, की पुढची वही. नजर मात्र वर्गावर. मी थबकले. माझाही हात वर्षानुवर्षं असाच चालायचा.

फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : पट बहात्तर, हजर अडुसष्ट. एका वर्गात किती मुलं असावीत, याचे कागद आमच्याही वेळी वरून यायचे. मुख्याध्यापक वाचून दाखवायचे, आम्ही सह्या करायचो आणि वर्गात येऊन पुन्हा एकेका बाकावर चौघींना दाटीवाटीने बसवायचो.

एका वर्षी ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. वह्या तपासून झाल्यावर शेवटच्या बाकावरची सुनंदा टेबलाशी आली.

“बाई, माझा निबंध वाचलात?”

“वाचला की गं. छान लिहिलायस,” दुसऱ्या विषयाची वही पुढे ओढत मी म्हणाले. ती जागेवर जाऊन बसली.

एप्रिलमध्ये कपाट आवरताना तिची वही हातात आली. ‘माझी आई दिवाळीच्या आधी वारली. आता माझी वेणी मीच घालते. ती वाकडी होते.’ खाली लाल शाईत ‘छान’ आणि माझी सही.

त्या वाकड्या वेणीवरून मी तिला दोनदा वर्गासमोर उभं केलं होतं.