आइनोसाठी मी भांडलो होतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लीनाला, माझ्या बायकोलाही नाही. कन्फेशनला बसलो की फादरसमोर बाकी सगळं बोलतो — हे सोडून.

मी वसईचा. मस्कतच्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये कीबोर्ड वाजवतो, राहतो तिथल्याच हमरिया भागात. आइनो फिनलंडहून आमच्याकडे गायला आली, ती सीझनच्या कॉन्ट्रॅक्टवर. कोवळी पोर, उन्हाने नाक सोललेलं. गेस्टसाठी ती जुनी इंग्लिश गाणी गायची. पण दुपारी लाउंज रिकामं असायचं, तेव्हा स्वतःची काढायची — फिनिशमधली, विचित्र, मध्येच ताल मोडणारी. हमरियातल्या दुकानांची शटरं ओढल्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणायची आणि म्हणायची, "रॉनी, याच्याखाली कॉर्ड दे ना." मी द्यायचो. इतकं सुंदर मी आयुष्यात पुन्हा वाजवलं का? नाही वाटत.

शुक्रवारी ती आमच्याकडे जेवायची. लीनाचं कोळंबीचं कालवण खाताना नाक-डोळे गळायचे, तरी पुन्हा वाढून घ्यायची. आमची मुलगी रिया तेव्हा लहान होती, आइनोच्या मांडीवरून उतरायची नाही.

एका संध्याकाळी तिने ते शटरांचं गाणं लाउंजमध्ये गायलं. लोक बोलायचे थांबले. एका ओमानी कुटुंबाने ते पुन्हा मागितलं, जाताना तिचं नाव विचारलं. मी शेजारीच बसलो होतो. इतकी वर्षं तिथे वाजवतोय — माझं नाव कुणी विचारलंय कधी?

थोड्याच दिवसांत मॅनेजरने तिला सांगितलं, गेस्टच्या तक्रारी आहेत, कॉन्ट्रॅक्ट पुढे नाही. खलास. ती पार्किंगमध्ये माझ्याकडे आली.

"तू बोललास का त्याच्याशी?"

"खूप भांडलो," मी म्हणालो. "ऐकतच नाही."

तिने मला मिठी मारली. एअरपोर्टला मीच सोडलं.

मग ती मोठी होत गेली. आधी तिकडच्या छोट्या क्लबांत, मग रेडिओवर, मग फेस्टिव्हलमध्ये. आता रियाच्या मैत्रिणीही तिची गाणी ऐकतात. शटरांचं गाणं तर सगळ्यांना पाठ — शब्द कळत नसूनही.

गेल्या महिन्यात रियाने तिची एक मुलाखत लावली. आइनो सांगत होती, मस्कतमध्ये रॉनी नावाचा एक कीबोर्डवाला होता, माझ्यासाठी मॅनेजरशी भांडणारा तो एकटाच.

कसं सांगू — एकाही गेस्टने तक्रार केली नव्हती. मॅनेजरच्या केबिनमध्ये मी गेलो होतो. मी म्हणालो, सर, हिची गाणी लोकांना आवडत नाहीत, ऑर्डर न देता उठून जातात. त्याने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

तिचा राग होता का? नव्हता. तिचं गाणं चांगलं होतं, आणि ते सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं.

रियाने व्हिडिओ थांबवला. अडखळत मराठीत म्हणाली, "डॅडी, तुम्ही खरंच... फाइट केली तिच्यासाठी?"

मी हो म्हटलं.

लीना मागे उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.